पाचाने भागून वजा

माझ्या हाताने मी हजारो माणसांचं वाईट कोलेस्टेरॉल लिहिलं. मोजलं एकाचंही नाही.

हे वाचून कोणी दचकू नये. तेव्हा सगळ्या लॅबमध्ये असंच चालायचं, आजही बऱ्याच ठिकाणी चालतं. रक्तातलं एकूण कोलेस्टेरॉल मोजायचं. त्यातलं चांगलं, म्हणजे एचडीएल, मोजायचं. ट्रायग्लिसराईड नावाची चरबी मोजायची. आणि ज्याची लोकांना खरी धास्ती, ते एलडीएल मात्र गणित करून काढायचं. एकूणातून चांगलं वजा करायचं. मग ट्रायग्लिसराईडला पाचाने भागायचं आणि तेही वजा करायचं. उरेल ते एलडीएल. ते खरोखर मोजणारं अवजड यंत्र म्हणे कुठल्या तरी मोठ्या संस्थेत होतं. आमच्यासारख्यांनी ते कधी पाहिलं नाही.

मला हे गणित एका डॉक्टरांनी शिकवलं. भोईवाड्याकडून परळ नाक्याला येताना रस्त्यावर त्यांचा दवाखाना होता आणि दवाखान्याच्या पाठीमागे, खिडकी नसलेल्या खोलीत, त्यांची लॅब. त्या खोलीत मी अकरा वर्षं काढली.

त्याआधी मी गिरणीत होतो. माझा थोरला भाऊ साचेवाला, म्हणजे कापडाचे माग चालवणारा. त्यानेच मला गावाहून आणलं, बदली कामगार म्हणून लावलं आणि मग खटपट करून रंगखात्यात चिकटवलं. तिथे रंगाची तपासणी करायला एक छोटी प्रयोगशाळा होती. तिथल्या साहेबाला भांडी धुणारा माणूस हवा होता. भांडी धुता धुता मी पिपेट, म्हणजे मोजमापाची काचेची नळी, धरायला शिकलो. तोंडाने ओढायचं, जिभेला लागायच्या आत बोट दाबायचं, थेंबाथेंबाने खुणेवर आणायचं. सहा महिन्यांत साहेब मला बाटल्यांऐवजी नमुने देऊ लागला.

मग संप झाला. त्याबद्दल फार लिहीत नाही, लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलंय. आमच्यापुरतं सांगायचं तर नायगावच्या बीडीडी चाळीत तिसऱ्या माळ्यावर दहा बाय बाराच्या खोलीत भाऊ, वहिनी, त्यांच्या दोन मुली आणि मी. वहिनीची खाणावळ होती, गावचे पंधरा-वीस गिरणीवाले जेवायचे. गिरण्यांबरोबर तेही गेले, काही गावाला, काही कुठे ते कळलंच नाही. संप मिटला असं कोणी कधी जाहीर केलं नाही. एके दिवशी आपण त्याविषयी विचारणं बंद केलं, एवढंच.

दादा घरी बसला, आत आत मिटत गेला. मी नाही गेलो. माझा स्वभाव वेगळा. परळच्या झाडून सगळ्या दवाखान्यांत मी फिरलो आणि एकच सांगत सुटलो, मला पिपेट धरता येते. या डॉक्टरांनी परीक्षा घेतली. पाण्याने भरलेली पिपेट दिली आणि म्हणाले, "खुणेवर आण." मी आणली. ते म्हणाले, "उद्यापासून ये." मी म्हटलं, "पगार?" त्यांनी आकडा सांगितला. मी दाराकडे वळलो. उंबऱ्यावर पोचेपर्यंत त्यांनी हाक मारली. असं आमचं नातं सुरू झालं, आणि शेवटपर्यंत तसंच राहिलं.

पगाराशिवाय मी एक गोष्ट मागून घेतली होती. टेक्निशियनच्या परीक्षेला बाहेरून बसायचं तर डॉक्टरच्या हाताखाली इतकी वर्षं काम केल्याचं पत्र लागायचं. डॉक्टर म्हणाले, "तीन वर्षं कर, पत्र देतो. पास झालास की बोर्डावर माझ्याखाली तुझं नाव." तीन वर्षं झाली. चार झाली. पत्राची आठवण केली की म्हणायचे, "अरे, पळून चाललंय का पत्र?" आठव्या वर्षीही बोर्डावर एकच नाव होतं आणि रिपोर्टखाली एकच सही. ती सही करणाऱ्याने नळी हातात धरल्याचं मी वर्षानुवर्षं पाहिलेलं नव्हतं.

त्या आठव्या वर्षाची ही गोष्ट.

सामान विकायला येणाऱ्या माणसाशी घासाघीस करायचं काम डॉक्टरांनी माझ्यावर सोपवलं होतं, कारण त्यात माझा हात कोणी धरत नसे. एका दुपारी मी ट्रायग्लिसराईड मोजायच्या रसायनांच्या किटवरून एकाला इतकं पिळलं की तो वैतागला.

"बॉस, आता अजून खाली नाही जमत. कंपनी मला हाकलेल."

"हाकलू दे. तू चांगला माणूस आहेस, दुसरीकडे लागशील."

"तुम्हाला काय हो! तिकडे किट स्वस्तात पाहिजे, इकडे पाचाने भागलं की एलडीएल फुकट. ते पण ट्रायग्लिसराईड सहाशे असलं तरी भागता. चारशेच्या वर चालत नाही ते गणित. किटमधला कागद तरी वाचा कधी."

मी हसलो, त्याला चहा पाजला, किट माझ्या भावात घेतलं. तो गेल्यावर खोक्यातला कागद उलगडला. आठ वर्षं मी तो कागद नळ्या पुसायला वापरत होतो. बारीक इंग्रजी अक्षरं. डिक्शनरी घेऊन बसलो. त्याने सांगितलेलंच लिहिलं होतं: ट्रायग्लिसराईड चारशेच्या वर गेलं तर हे गणित वापरू नये.

का, ते मला वहिनीच्या तांदळावरून कळलं. खाणावळीसाठी गोण्या आणायला मी तिच्याबरोबर जायचो. व्यापारी गोणीसकट वजन करायचा आणि बारदानाचं म्हणून एक ठरलेलं वजन वजा करायचा. कोरड्या गोणीला ते बरोबर. गोणी वेगळी असली की सगळा हिशोब चुकतो. ट्रायग्लिसराईडचा पाचवा हिस्सा म्हणजे असंच ठरवून टाकलेलं बारदान. ती चरबी वाहून नेणाऱ्या कणांत थोडं कोलेस्टेरॉलही असतं, ते अंदाजाने इतकं असेल असं धरायचं. साध्या माणसाला ते जमतं. पण चरबी फार वाढली की ते प्रमाण राहत नाही. आपण भलतंच जास्त वजा करतो आणि एलडीएल असतं त्यापेक्षा कमी दिसतं. म्हणजे ज्याचं रक्त जास्त बिघडलंय त्यालाच जास्त चांगला आकडा.

कागद घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मला माहीत आहे."

"माहीत आहे? मग आपण लिहितो कशाला?"

"चौकट रिकामी गेली की फोन येतो. लॅबला काम येत नाही असं लोकांना वाटतं. असे येतात तरी किती?"

"श्रावणाच्या तोंडावर बघा किती येतात."

"तू तुझं काम कर."

इथे दुसरा कोणी असता तर भांडला असता किंवा गप्प बसला असता. मी तिसरंच केलं, आणि ते लपवणार नाही. मला वाटलं, आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात काहीतरी आलंय. मी कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हटलं, "डॉक्टर, माझ्या पत्राचं काय?"

त्यांनी माझ्या खिशाकडे पाहिलं. मग हसले. स्वतः टाईपरायटर ओढला, पत्र टाईप केलं, सही-शिक्का मारला, मला वाचायला दिलं. माझं नाव, माझी वर्षं, सगळं बरोबर. वाचून झाल्यावर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि खणात ठेवून कुलूप लावलं.

"दिवाळीला फॉर्म सुटतात. तेव्हा देतो. तोवर चौकटी भरत राहा."

मी म्हटलं, चालेल. सौदा झाला. बाहेर येऊन चहा प्यालो आणि मला वाटलं की मी जिंकलो.

दुसऱ्या दिवशी एकाचं ट्रायग्लिसराईड पाचशे आलं. मी पाचाने भागलं, वजा केलं आणि लिहिलं. पण आधी मी ते न कळता लिहीत होतो, आता कळून लिहीत होतो. खोली तीच, बल्ब तोच, नळ्या फिरवणाऱ्या यंत्राची घरघर तीच. तरी त्या दिवसापासून मला तिथे श्वास घ्यायला जागा कमी वाटू लागली. दार उघडं ठेवून काम करायचो. डॉक्टर यायचे आणि बंद करून जायचे.

जुलैच्या अखेरीस दादाला पत्र आलं. समुद्रात तेल काढायचे जे प्लॅटफॉर्म असतात, तिथे कामगारांचा स्वयंपाक करायला माणसं हवी होती. गावच्या एकाने नाव सुचवलं होतं. पंधरा दिवस पाण्यावर, पंधरा दिवस घरी, नोकरी कायम. खाणावळीमुळे दादाला मोठ्या पंगतीच्या स्वयंपाकाचा अंदाज होता. मुलाखतीत त्याने त्यांना सुक्या बांगड्याचं तिखलं कसं करायचं ते सांगितलं म्हणे, आणि साहेबाच्या तोंडाला पाणी सुटलं. राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी. कंपनीने लॅबची यादी दिली होती, त्यात परळची एकच होती. आमची. फॉर्मवर रक्ताच्या तीनच चौकटी होत्या: साखर, हिमोग्लोबिन आणि एलडीएल. एलडीएलपुढे छापलं होतं, एकशे तीसच्या आत. फॉर्म शुक्रवारपर्यंत जमा करायचा होता.

आठ वर्षांत दादा पहिल्यांदा सकाळी दाढी करून बसला.

त्याच संध्याकाळी वहिनीने मला नळावर गाठलं. घरात आम्ही मालवणीच बोलायचो.

"भावजी, एक सांगतंय. ह्यांका सांगू नका."

"काय झाला?"

"जिन्यार थांबतत. दुसऱ्या माळ्यार. चपलेचो अंगठो बघतत, म्हणतत तुटलो. चपलेक काय होवक नाय. छातीर हात ठेवतत."

"डॉक्टरला दाखव."

"जातले ते? तुम्ही बघा रक्तात काय ता. पन माझा नाव घेव नकात. गावच्या देवाची शपथ घेवा."

मी शपथ घेतली. बादली भरून वाहायला लागली होती, तरी नळ बंद करायला हात पुढे होईना तिचा.

आणि मधे आली गटारी. श्रावण लागायच्या आदल्या दिवसाचं ते खाणंपिणं आमच्या चाळीत कोणी चुकवत नसे, संपानंतर तर नाहीच. उद्यापासून महिनाभर मटण-मच्छी बंद, बाटली बंद. दादाने तर दुहेरी हिशोब केला. उद्यापासून श्रावण, शिवाय सकाळी रक्त द्यायचं म्हणून बारा तास उपाशी राहायचं. म्हणजे दोन्हींची भर आजच टाकायची. दुपारपासून बसला. वडे, मटण, कलेजी, आणि बरोबर जे असतं ते. संध्याकाळी साडेसातला घड्याळात बघून त्याने हात धुतले, चूळ भरली आणि सगळ्यांना सांगितलं, "आता पान्याशिवाय काय नाय." त्याने बारा तास इमानाने पाळले. मी त्याला दोन दिवस आधीपासून दारू बंद करायला सांगायला हवं होतं. लॅबमध्ये दरवर्षी श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात मी निम्म्या नळ्या दुधाळ बघायचो, आणि घरात जिभेवर ती गोष्ट आली नाही. त्याने दाढी केलेली होती. मला त्याचा मूड घालवायचा नव्हता.

सकाळी आठला मी त्याच्या दंडाला रबर बांधलं. त्या दंडाने चार-चार साचे सांभाळले होते. शीर लगेच मिळाली. तो बाहेर बाकावर जाऊन बसला, फॉर्म मांडीवर, प्लास्टिकच्या पिशवीत.

नळी फिरवून काढली आणि मी उजेडाखाली धरली. खाली लाल, आणि वर नारळाचा पहिला रस काढल्यासारखं पांढरं. पलीकडचं बोट दिसत नव्हतं.

मी तीनदा मोजलं. ट्रायग्लिसराईड इतकं होतं की पातळ करून मोजावं लागलं. एकूण दोनशे बासष्ट. चांगलं अडतीस. ट्रायग्लिसराईड सहाशे दहा. हे तीन आकडे मला माझ्या मुलांच्या जन्मतारखांपेक्षा पक्के पाठ आहेत.

दोनशे बासष्टातून अडतीस गेले, दोनशे चोवीस. सहाशे दहाला पाचाने भागलं, एकशे बावीस. ते गेले. एकशे दोन.

एकशे तीसच्या आत. उत्तम. फॉर्मवर ट्रायग्लिसराईडची चौकटच नव्हती. एकशे दोन लिहायचं, सही घ्यायची, दादाच्या हातात द्यायचं. तो नाक्यावरून पेढे घेऊन तीन माळे चढला असता, दुसऱ्यावर चपलेचा अंगठा बघत. आणि मग किनाऱ्यापासून कुठल्या कुठे, पाण्यावर, जिथे डॉक्टर यायचा तर हेलिकॉप्टरने.

न लिहावं तर पंधरा दिवस पथ्य पाळून पुन्हा रक्त घ्यायला हवं होतं. शुक्रवार तीन दिवसांवर होता.

डॉक्टर आत आले. "झालं का भावाचं?"

"सहाशे दहा आहे."

त्यांनी माझ्या वहीत पाहिलं. "एकशे दोन. छान आहे की. भर."

"खरा आकडा आपल्याला माहीत नाही."

"कालच्या त्या कंडक्टरचा माहीत होता? परवाच्या बाईंचा? त्यांचे भरलेस ना? तुझ्याच भावाचं भलं होतंय आणि तुलाच पोटशूळ?"

मी हातातला स्टँड टेबलावर आपटला. दोन नळ्या फुटल्या. रागातसुद्धा मी आधी बघून घेतलं होतं की त्यात दादाची नाही.

"भरणार नाही," मी म्हटलं.

डॉक्टरांचा आवाज चढला नाही. त्यांचा कधीच चढायचा नाही. "ठीक. मग ते पत्र माझ्याच खणात राहू दे."

माझ्या डोक्यात भाव करायची सवय इतकी मुरलेली की तिथेही दोन-तीन वाक्यं तयार झाली होती. कागद माझ्या खिशात होता. मी धमकी देऊ शकत होतो. पण कशाची? मागचे दोन महिने त्या चौकटी माझ्याच अक्षरात भरलेल्या होत्या. मीच केलेल्या सौद्याने माझं तोंड बंद केलं होतं.

"राहू दे," मी म्हटलं. दुकानदाराने सांगितलेली किंमत मी आयुष्यात पहिल्यांदा न घासता दिली.

चौकटीत मी आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: ट्रायग्लिसराईड जास्त, गणित लागू नाही, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासावे. डॉक्टरांनी सही केली. त्या वाक्याखाली सही नाकारण्याइतके ते वेडे नव्हते.

दादाने बाकावर बसूनच फॉर्म वाचला. रेघेवरून बोट फिरवलं.

"ह्या काय?"

"आकडो गावना नाय, दादा. रक्तात चरबी जास्त आसा. पंधरा दिवस दारू-मटण बंद कर, परत घेतंय."

"शुक्रवार पंधरा दिवसांनी येता?"

त्याने फॉर्म माझ्यापुढे धरला.

"तूच सांगी होतंस मां घरात, पाचान भागूचा आणि वजा करूचा? पोरींका शिकवलंस तू ता. मग माझा भाग."

"चारशेच्या वर चालना नाय."

"बाकीच्यांचा चालता?"

बाकावर दोन पेशंट बसले होते, ते जमिनीकडे बघायला लागले. आत डॉक्टर ऐकत होते. मला सांगता आलं असतं की बाकीच्यांचं मी खोटं लिहितो. मला सांगता आलं असतं, तू जिन्यावर थांबतोस. पहिलं सांगायची लाज होती आणि दुसऱ्याची शपथ होती.

"तुका मी मुंबईत हाडलंय," दादा म्हणाला. एवढंच. मोठ्याने नाही. त्याने फॉर्म पिशवीत घातला, पिशवीची घडी केली आणि चालत गेला.

तरी शुक्रवारी तो फॉर्म द्यायला गेला. खिडकीवरच्या कारकुनाने रेघ बघून फॉर्म परत सरकवला, "पूर्ण भरून आणा." सोमवारी दुसऱ्या माणसाला घेतलं.

मला वाटलं होतं, पंधरा दिवसांनी राग उतरेल, मी रक्त घेईन, आकडा येईल. तो आकडा वाईट आला तर निदान दादाला कळेल मी का थांबलो. चांगला आला तर मी पाय धरीन. दोन्हीची तयारी होती. दादाने हातच पुढे केला नाही. पंधरा दिवसांनी नाही, वर्षाने नाही. श्रावणभर त्याने काही खाल्लं-प्यालं नाही, तेवढंच पथ्य झालं. वहिनीने एकदा नजरेने विचारलं, मी नजरेने सांगितलं, थांब. ती आयुष्यभर थांबली. तिने दादाला कधी सांगितलं नाही आणि मला शपथेतून मोकळं केलं नाही. ती गेली त्याला आता सहा वर्षं झाली. आमच्या दोघांतला एकच साक्षीदार होता, तो असा गेला.

दादा हिंदमाताला एका साड्यांच्या दुकानात दारावर उभा राहू लागला. गिऱ्हाईकांच्या चपला आणि छत्र्या सांभाळायचा.

मी आणखी तीन वर्षं त्याच खोलीत होतो. डॉक्टरांनी मला काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. पत्र खणात होतं आणि मी बाहेर. पुढे दादरच्या एका लॅबमध्ये अर्ध्या पगारावर पहिल्यापासून सुरुवात केली, तिथून पत्र मिळवलं, परीक्षा दिली. आज लालबागला माझं स्वतःचं सेंटर आहे, बोर्डावर माझं नाव आहे, आणि माझ्याकडे चारशेच्या वर गेलं की एलडीएल थेट मोजलं जातं. कोणी म्हणालं भाव जास्त आहे, की मी ऐकून घेतो, पण तो भाव कमी करत नाही.

दादा ऐंशीला टेकलाय. त्याला काही झालं नाही. बायपास नाही, झटका नाही. बिड्या सुटल्या, दारू वर्षातून एकदा. दर गटारीला तो पेला उचलून मला म्हणतो, "घे डागदर, सँपल घे." पोरी हसतात, जावई हसतात. त्यांच्या दृष्टीने ती घरातली जुनी गंमत आहे. पण तो एकटा हसत नाही. तो जगलेलं प्रत्येक वर्ष त्याच्या बाजूचा पुरावा आहे. आणि तो जगावा असं मला त्याच्या पोरींइतकंच वाटतं. या पेचातून निघायला मला अजून वाट सापडली नाही. जिन्यावर त्याला खरंच काही होत होतं की आठ वर्षं घरी बसलेल्या माणसाचा दम होता तो, हे आता कोण सांगणार? बीडीडी पाडायला काढली तेव्हा त्याला तात्पुरतं घर मिळालं ते एका उंच इमारतीत, गिरणीच्याच जुन्या जमिनीवर. तिथे लिफ्ट आहे. जिन्याचा प्रश्न उरला नाही.

गेल्या वर्षी मशीन कंपनीच्या माणसाने मला एक कागद दिला. एलडीएलचं नवं गणित आलंय, आठशेपर्यंत चालतं, पाचाने भागायचं त्यात नाही. लांबलचक आहे, गुणाकार, वर्ग, सगळं. मी तो कागद टेबलाच्या काचेखाली ठेवला. चार दिवस ठेवला. पाचव्या दिवशी सेंटर बंद करायच्या आधी शटर अर्धं खाली ओढलं आणि मोबाईलवर आकडे घातले. दोनशे बासष्ट. अडतीस. सहाशे दहा.

एकशे सोळा.

मी पुन्हा केलं. कागदावर हाताने केलं. एकशे सोळा. एकशे तीसच्या आत.

हाही अंदाजच आहे, मोजलेलं नाही. गटारीनंतरच्या सकाळचं रक्त माणसाचं रोजचं रक्त नसतं. छातीचं दुखणं एका चौकटीत मावत नाही. हे सगळं मी स्वतःला सांगितलं, आणि गिऱ्हाईकाने भाव पाडावा तसं आतून कोणीतरी ते पाडत राहिलं. शेवटी उरलं ते एवढंच की नीट गणित असतं तर दादा पास होता.

चिठ्ठीवर तो आकडा लिहिला आणि खिशात घातला. या गटारीला दादाकडे जाताना ती खिशात होती. दादा खाली पाय मोकळे करायला आला होता, इमारतीच्या दारात भेटला. आम्ही दोघं लिफ्टमध्ये शिरलो. दार बंद झालं. मला बंद जागा अजून सोसत नाही, मी आकड्यांचे दिवे बघत उभा राहिलो.

"काय डागदर," तो म्हणाला, "गावलो काय माझो आकडो?"

इतक्या वर्षांत हे तो नेहमी सगळ्यांसमोर विचारायचा. आज कोणी नव्हतं. आवाजात गंमतही नव्हती. त्याला खरंच विचारायचं होतं.

माझा हात खिशाकडे गेला. सातवा मजला. आठवा. दादा माझ्या हाताकडे बघत होता.

"नाय दादा," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. अकराव्यावर दार उघडलं, मटणाचा वास आला, आणि तो माझ्यापुढे बाहेर पडला, न थांबता.